दोन लाव्हांमधलं तळं



नागपूरकरांना सीताबर्डीची टेकडी दाखवावी लागत नाही. खाली बाजार, वर किल्ला. पण तिच्या पोटात, काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये, एक बारकी फिकट पट्टी आहे. ती एका तळ्याची आहे.

काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी तो दख्खनभर पसरला. पण सलग नव्हे, थांबत थांबत. एक लोट थिजला की दुसरा यायला कधी हजारो वर्षं लागत. पाऊस काही तेवढं थांबत नाही! लाव्हानं ओढ्यांच्या वाटा अडवलेल्या, म्हणून खोलगट जागी पाणी साचे. झिजत्या दगडातला चुना त्यात उतरे. कारा नावाचं शेवाळ त्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेई, मग चुना विरघळलेला राहीना, तळाशी बसे. तो झाला चुनखडक. ओढा गढूळ आला की चिखलाचा थर बसे, तो घट्ट होऊन पंकाश्म. पुढे कित्येक ठिकाणी सिलिका मुरली आणि चुनखडकाचा गारगोटीसारखा टणक चर्ट झाला. सौम्य आम्लाचा थेंब टाकला की चुनखडक फसफसतो, चर्ट ढिम्म राहतो.

या तळ्यांतली माझी आवडती रहिवासी म्हणजे फायसा ही गोगलगाय. शंखाचं टोक वर करून तोंड आपल्याकडे धरलं, तर ते डाव्या हाताला उघडतं. बहुतेक गोगलगायींचं उजवीकडे. म्हणजे ही डावखुरी!

1845 साली नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप सुट्टीच्या वेळी दगड फोडत हिंडत. शहरालगतच्या टाकळीच्या थरांत त्यांना आणि सहकारी रॉबर्ट हंटर यांना शंख, बिया, फळं सापडली. 1855 मध्ये त्यांचा निबंध लंडनला छापून आला. हिस्लॉप कॉलेजचं नाव सगळ्यांना ठाऊक; गोगलगायींचं कुणी सांगत नाही.

मुंबईकरांनी रुसू नये. वरळीला अशाच मधल्या थरात चिमुकले बेडूक सापडले, आणि 1847 मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं.

असा थर कुठे उघडा दिसला तर त्याची वरची कड जरूर पाहा. पुढचा लाव्हा तिथेच येऊन टेकला. कधीकधी तिथला चिखल विटेसारखा भाजलेला असतो.