संगणक चालू राहत नाही तेव्हा



कामठीच्या परिसराला विजेची ओळख नव्याने करून द्यायला नको. पश्चिमेला कोराडी, तिच्या थोडे वर खापरखेडा. कोराडीचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. अशा या मुलखातही एखाद्या शाळेतला किंवा ग्रामपंचायतीतला संगणक अचानक हट्टाला पेटतो. बटण दाबले की दिवा लागतो, पंखा फिरतो, आणि पाहता पाहता सारे शांत. पुन्हा दाबा, पुन्हा तेच. मग कोणी म्हणतो, "जुना झाला, आता नवा मागवा." यंत्रावर चादर पडते आणि ती चादर वर्षभर निघत नाही.

शाळेत संगणक पोचवण्यासाठी केंद्र सरकारची आयसीटी योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. गावोगावच्या पोरांनी माऊस पहिल्यांदा हातात धरला तो अशाच शाळेतल्या यंत्रांवर. म्हणून चादरीखाली जाते ते नुसते यंत्र नव्हे. शिष्यवृत्तीचे अर्ज, शाळा सोडल्याचे दाखले आणि पोरांचा तासही तिच्याखाली जातो. तेव्हा यंत्र मोडीत काढण्याआधी ते का बंद पडते हे आपणच थोडे शोधून पाहू या. कामठी हे हातमागाचे जुने गाव. मागावर सुताचा धागा तुटला म्हणून विणकर माग विकायला काढत नाही. तुटलेला धागा हुडकतो, गाठ मारतो आणि पुढे विणतो. आपल्यालाही तेच करायचे आहे.

पहिली गोष्ट ही ध्यानात घ्या, की चालू होऊन बंद पडणारा संगणक मेलेला नसतो. बहुतेक वेळा त्याला पुरेशी वीज मिळत नाही, नाहीतर तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. यांतले कोणते हे तो स्वतःच सांगतो, पण ते ऐकायला दोन वस्तू लागतात : घड्याळ आणि वही. बटण दाबल्यापासून किती वेळाने बंद पडला, त्या वेळी खोलीत आणखी काय चालू होते, आणि दुपार होती की सकाळ, एवढे तीन-चार वेळा लिहून ठेवा. आणखी एक पाहा. बंद होण्यापूर्वी पडद्यावर तसा निरोप येतो का? येत असेल, तर यंत्र आज्ञेने बंद होते आहे आणि दोष कदाचित आतल्या प्रोग्रॅममध्ये असेल. काहीही न सांगता एकदम अंधार झाला, तर वीज किंवा उष्णता यांचा विचार करा.

आता बाहेरून आत जाऊ. आधी भिंत, मग यूपीएस, मग डबा. फुकटची तपासणी आधी आणि खर्चाची शेवटी.

भिंतीवरचा प्लग ढिला नाही ना? एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर संगणक आणि कूलर दोन्ही आहेत का? कूलरची मोटर सुरू होताना एकदम जास्त वीज ओढते. लाईन आधीच कमजोर असेल तर त्या क्षणी दाब खाली येतो आणि संगणक बसतो. घरी कूलर लावला की बल्ब क्षणभर मंद होतो, तसेच हे. कूलर दुसऱ्या बोर्डावर न्या. वायरमनकडून दाब मोजून घ्या. तो २३० व्होल्टच्या आसपास असावा. २०७ च्या खाली किंवा २५३ च्या वर जात असेल तर तक्रार लाईनची आहे, यंत्राची नाही. त्याच वेळी अर्थिंगही तपासून घ्या. डब्याच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ती थट्टेची गोष्ट नव्हे. कोळसा-मीठ घातलेला अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा पडतो. त्यात पाणी घालण्याची जबाबदारी कोणाला तरी नेमून द्या.

पुढे यूपीएस. लाईन जाताच संगणक बंद पडतो, किंवा यूपीएस टीं-टीं करतो आणि त्याच्याबरोबर संगणकही जातो, तर बॅटरी थकली समजा. संगणक थेट भिंतीला जोडून पाहा. टिकला, तर चोर सापडला. ही शिशाची बॅटरी साधारण २५ अंशांच्या हवेत नीट नांदते. हवा त्याहून दहा अंशांनी सतत गरम राहिली तर तिचे आयुष्य जवळजवळ अर्धे होते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून तिच्याकडून शहरी थंड खोलीतल्याइतकी अपेक्षा ठेवू नका. आणि लेसर प्रिंटर यूपीएसवर कधी लावू नका. कागद तापवताना तो एवढी वीज मागतो की लहान यूपीएस तिथेच हात टेकतो.

भिंत आणि यूपीएस निर्दोष निघाले की वही उघडा.

यंत्र दरवेळी चार-पाच सेकंदांनीच बंद पडते असे लिहिले असेल, तर बटणावर संशय घ्या. बटण चार सेकंद दाबून धरले की संगणक जबरदस्तीने बंद व्हावा, ही सोय बनवणाऱ्यांनीच केलेली आहे. धुळीने बटण आत अडकून बसले, तर यंत्राला वाटते की कोणी ते दाबूनच धरले आहे. जाणत्या माणसाकडून रीसेट बटणाची तार त्याच्या जागी लावून पाहा. यंत्र टिकले, तर बटणच दोषी.

एक-दोन सेकंदांतच विझत असेल, पुन्हा आपोआप लागून पुन्हा विझत असेल, तर आत काही तरी नीट बसलेले नाही, किंवा जिथे जुळू नये तिथे जुळले आहे. प्लग काढा, डबा उघडा. रॅमची पट्टी काढून तिचे पिवळे दात खोडरबराने हलके पुसा आणि खटकन आवाज होईपर्यंत दाबून बसवा. प्रोसेसरजवळ चार किंवा आठ तारांची वेगळी पिन असते, ती ढिली नाही ना ते पाहा. मदरबोर्डखाली एखादा सुटा स्क्रू घरंगळला आहे का ते बघा. मग कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह सगळे काढून फक्त आवश्यक तेवढेच ठेवा, आणि एकेक वस्तू परत जोडत जा. एका वेळी एकच बदल करा. दोन केलेत, तर कशाने गुण आला हे कळणार नाही.

पाच, दहा, वीस मिनिटांनी बंद पडतो, दुपारी लवकर आणि सकाळी उशिरा, अशी नोंद असेल, तर ही उष्णतेची खूण. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापला की जळण्याऐवजी स्वतःच वीज तोडतो. त्याच्यावरचा पंखा फिरतो का? पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत धुळीचे नमदे बसले आहेत का? यंत्र बंद करून, पंख्याचे पाते बोटाने धरून, मऊ ब्रशने धूळ काढा. जुन्या यंत्रात प्रोसेसर आणि त्या पात्यांमधला लेप वाळलेला असतो, तो बदलावा लागतो. डबा भिंतीला चिकटवू नका, कपाटात कोंडू नका. कूलरचा ओला झोतही सरळ त्याच्यावर सोडू नका. ओलावा आणि धूळ एकत्र आले की आत चिखल होतो.

काही वेळा मदरबोर्डवरचे छोटे उभे नळकांडे, म्हणजे कपॅसिटर, डोक्यावर फुगलेले दिसतात. त्यांचे डोके सपाट हवे. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या अनेक बोर्डांवर हा रोग आढळला होता. ते काम सोल्डरिंग जाणणाऱ्याचे.

उरतो एसएमपीएस, म्हणजे डब्यातली वीजपुरवठ्याची पेटी. ती २३० व्होल्टमधून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट काढते आणि मदरबोर्डला "वीज ठीक आहे" असा इशारा देते. पेटी थकली की इशारा तुटतो आणि यंत्र बसते. दुसऱ्या चालू यंत्राची तितक्याच ताकदीची पेटी लावून पाहणे ही सोपी परीक्षा. पण शिक्षक बंधू-भगिनींनो, एक गोष्ट बजावून सांगतो. ही पेटी कोणीही उघडायची नाही, आणि पोरांनी तर मुळीच नाही. प्लग काढल्यावरही तिच्यात तीनशेहून अधिक व्होल्टचा साठा काही वेळ राहतो. पेटी बदलावी, उघडू नये.

आणि या सगळ्यांच्या आधी एक काम करा. यंत्र पहिल्यांदा दहा मिनिटे टिकले, की लगेच शाळेच्या कागदपत्रांची प्रत पेनड्राइव्हवर काढून घ्या. एसएमपीएस बाजारात मिळतो. गेलेली नोंद बाजारात मिळत नाही.

वही मात्र पोरांकडे द्या. सातवी-आठवीच्या मुलामुलींना घड्याळ लावून नोंद करू द्या, "आज अकरा मिनिटांनी बंद, खोलीत कूलर चालू" अशी. कारण आणि परिणाम यांचा याहून जिवंत धडा पुस्तकात क्वचितच सापडेल. शेवटी यंत्र मेकॅनिककडे न्यावेच लागले, तर वहीही बरोबर न्या. दुखणे नेमके सांगणाऱ्या रोग्याला वैद्य लवकर बरा करतो, आणि फुकाची औषधेही माथी मारत नाही.