शांततेचे कार्य : आयुष्य वेचण्याजोगे एक क्षेत्र
(विद्यार्थी-गुणगौरव समारंभातील भाषण)



आपल्याकडे मूल हुशार निघाले की ते डॉक्टर होणार की इंजिनिअर, एवढाच प्रश्न उरतो. आज मी एका निराळ्या मार्गाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. अण्वस्त्रांना आवर घालण्याचे कार्य हेही आयुष्य वेचण्याजोगे क्षेत्र आहे.

स्वीडनच्या आल्वा मिर्दाल यांचेच उदाहरण घ्या. १९०२ साली जन्मलेल्या या विदुषीचे मूळ विषय शिक्षण व समाजकल्याण. १९५५ ते १९६१ या काळात त्या आपल्या देशाच्या प्रतिनिधी म्हणून दिल्लीत होत्या. १९६२ साली, वयाच्या साठीत, जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत स्वीडनचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. ते त्यांनी १९७३ पर्यंत सांभाळले.

तेथील तिढा असा : जमिनीखाली झालेला हादरा भूकंपाचा की अणुस्फोटाचा, हे दुरून ओळखावे कसे? अमेरिका प्रत्यक्ष तपासणीचा आग्रह धरी. सोव्हिएत रशियाला तीत हेरगिरीचा वास येई. अखेर १९६३ च्या करारातून भूमिगत चाचण्या वगळल्या गेल्या. पण बाई स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी तज्ज्ञांकडून भूकंपशास्त्र समजावून घेतले आणि देशोदेशींच्या भूकंपनोंदी एकत्र आणाव्यात, असा पाठपुरावा केला. १९८२ साली मेक्सिकोच्या आल्फोन्सो गार्सिया रोब्लेस यांच्यासह त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक लाभले. १९८६ साली त्या निवर्तल्या.

१९९६ चा सर्वंकष चाचणीबंदी करार अद्याप अमलात आलेला नाही. आपल्या देशानेही त्यावर सही केलेली नाही. तथापि, त्यासाठी उभारलेल्या नोंदणीकेंद्रांच्या जाळ्याने २००६ साली उत्तर कोरियाचा पहिला अणुस्फोट अचूक टिपला. चिकाटीने केलेले काम वाया जात नाही, ते असे.

शांतता कोणाला नको आहे? परंतु दिलेला शब्द पाळला जातो की नाही, हे पारखणारा जाणता मनुष्य नसेल, तर करार कागदावरच राहतो. असा मनुष्य घडायला भौतिकशास्त्र हवे, भूगर्भशास्त्र हवे, कायदा हवा, परभाषाही हव्यात. या मार्गात फळ उशिरा मिळते, क्वचित आपल्या हयातीत मिळतही नाही, हे पालकांनी आधीच ओळखावे.

म्हणून माझी नम्र सूचना आहे की, आपल्या शिष्यवृत्ती समितीने पुढील वर्षापासून अशा अभ्यासासाठी निदान एक शिष्यवृत्ती राखून ठेवावी, आणि ती मागणाऱ्या मुलीला ‘याने पोट भरेल काय?’ असे विचारून परत पाठवू नये.