मैदानापासून कुलगुरुपदापर्यंत : महोत्सवप्रसंगी येडशी येथे केलेले भाषण



महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगी आम्ही कन्यांच्या मातापित्यांपुढे एक प्रश्न ठेवू इच्छितो. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिला मैदानावरून घरी बोलाविण्यात येते. खेळाने पोट भरेल काय, आणि पुढे संसार कोण पाहील, असे कारण सांगतात. हे कारण कितपत टिकते ते पाहू.

आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्यातील कर्णम मल्लेश्वरी ह्यांनी १९९४ व १९९५ साली भारोत्तोलनात जागतिक अजिंक्यपद मिळविले. १९९७ साली त्यांचा विवाह झाला. तदनंतर २००० साली सिडनी येथील ऑलिंपिक सामन्यांत एकंदर २४० किलो वजन उचलून त्यांनी कांस्यपदक जिंकिले. ऑलिंपिक पदक मिळविणारी पहिली भारतीय स्त्री ती हीच. २००१ साली त्यांना पुत्र झाला. २००४ साली अथेन्स येथे त्या पुनः उतरल्या. परंतु पाठीच्या दुखण्यामुळे यश लाभले नाही, व त्यांनी निवृत्ती पत्करिली. पुढे हरियाणातील यमुनानगर येथे त्यांनी मुलामुलींना शिकविण्याचे कार्य आरंभिले. आणि २०२१ साली दिल्ली क्रीडा विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू म्हणून त्यांची नेमणूक झाली.

ही दोन कामे एकसारखी नव्हेत. प्रशिक्षक प्रत्येक शिष्यास नावाने ओळखतो व त्याची चूक तेथल्या तेथे सुधारतो. कुलगुरूस अभ्यासक्रम, अध्यापक, परीक्षा व हिशेब पाहावे लागतात, आणि फळ वर्षानुवर्षांनी दिसते. तथापि रोज थोडे थोडे वजन वाढवावे, घाई करू नये, हा आखाड्याचा नियम दोहोंकडे लागू आहे. लेकरू वाढविणारी माताही ह्याच नियमाने चालते, हे कोणत्या आईस सांगावयास हवे?

दूरचे उदाहरण नको असेल तर आपल्या धाराशिव जिल्ह्याकडेच पाहा. येथील सारिका काळे ह्या २०१६ साली गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाच्या कर्णधार होत्या. गरिबीत वाढलेल्या ह्या कन्येस २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, व तुळजापूर तालुक्याच्या क्रीडा अधिकारी म्हणून तिने काम केले.

प्रत्येक मुलीस पदक मिळेल असे आम्ही म्हणत नाही. बहुतेकींस मिळणार नाही. परंतु मैदानावर कमाविलेली शिस्त वाया जात नाही. मात्र एक गोष्ट ध्यानी धरावी : घराबाहेरचे ओझे वाहणाऱ्या स्त्रीच्या घरातील ओझे कोणी तरी वाटून घ्यावेच लागते. ते पतीने, सासूने, भावाने घ्यावे. तेव्हा पित्यांनो, उद्या सायंकाळी कन्या खेळावयास निघाली, तर पाण्याची घागर तिच्या भावाच्या हाती द्या. महोत्सवाची ह्याहून चांगली आठवण आम्हांस सुचत नाही.