मानकरी पुष्कळ, सेवेकरी किती?

(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



शिखराचे काम पुरे झाले, सभामंडप उभा राहिला. देणगीदारांची नावे शिळेवर कोरली गेली, ते योग्यच झाले. परंतु या मंडपात उद्यापासून गावाचे काम कोण करणार, याविषयी चार शब्द बोलतो. मानाच्या नारळावरून भांडणारे पुष्कळ मिळतात. उत्सवानंतर पत्रावळी उचलणारे मात्र दरवर्षी तेच चौघे असतात. (हशा.)

सेवेकरी जन्मावा लागतो, असे आपण धरून चालतो. जामखेडचा अनुभव निराळा आहे. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या तालुक्यात १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. योगायोग असा, की त्याच साली अमेरिकेत रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी, पुढारी हा आधी सेवक असावा, अशा आशयाचा निबंध प्रसिद्ध केला. इकडे जामखेडात पुढे त्याचा वर्गच भरला म्हणा ना!

प्रथम शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठवून पाहिल्या; ते जमले नाही. मग गावानेच आपली एक बाई निवडावी असे ठरले. निवडलेल्यांपैकी कित्येक जणी निरक्षर, कित्येक दलित समाजातील. त्या दर आठवड्यास जामखेडला येत, मुक्काम करीत. बाळंतपणातील स्वच्छता, जुलाब लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, गरोदर बाईची काळजी, हे त्या शिकतच. पण खरा अवघड धडा रात्रीचा होता. निरनिराळ्या जातींच्या बायका एकत्र जेवत, एका छताखाली शेजारी-शेजारी निजत. ज्या घरचे पाणी चालत नाही, त्या घरच्या बाईशेजारी पान मांडून बसायचे, हे पाटीवर लिहून कसे शिकवणार? शिवाय शिकलेले गावात परतून दुसऱ्या बायकांना शिकवायचे. पुढाऱ्याला हे फार जड जाते. आपल्यावाचून काम अडावे, असेच त्याला मनातून वाटत असते.

पुरुषांची शेतकरी मंडळे निघाली, त्यांत व्हॉलीबॉलचा मोठा हात होता. एका संघात सगळ्या जातींची पोरे खेळली, की पुढची बैठक सोपी जाते. दुष्काळाच्या त्या वर्षांत पाण्यासाठी विंधन विहिरी घेतल्या, त्यांतील काही दलित वस्तीत. मग सारा गाव घागरी घेऊन तिकडेच जाऊ लागला.

१९७१ साली त्या भागात हजारी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. पंचवीस वर्षांत हा आकडा तिसाच्या आत आला. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही लोकनेतृत्वाच्या विभागात. गावोगावच्या त्या बायका नसत्या, तर तो कशासाठी मिळता?

समितीपुढे माझी सूचना आहे. या सभामंडपात दर आठवड्याला एक वर्ग भरवावा. जमाखर्च लिहून चारचौघांत वाचून दाखवणे, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे, तंट्यात दोन्ही बाजू ऐकून घेणे, एवढ्यापासून आरंभ करू. शिकणारे समितीने नेमू नयेत. प्रत्येक आळीने दोन नावे द्यावीत, त्यांत एक बाई असावीच, आणि वस्तीवरची नावे पहिल्याच यादीत यावीत. सतरंज्या, दिवाबत्ती आणि चहाचा खर्च देणग्यांच्या शिलकेतून करावा. त्यास देणगीदार मंडळींनी आजच, या सभेतच संमती द्यावी, अशी माझी विनंती आहे.