निर्लक्षण मूत्रजंतू आणि सांधेरोपण



कुडव्यातील एखाद्या आजींचे गुडघ्याचे सांधेरोपण ठरते. तपासणीत लघवीत जंतू आढळतात. जळजळ नाही, ताप नाही. तरीही घरची मंडळी प्रतिजैविकाचा आग्रह धरतात. कृत्रिम सांध्यास संसर्ग झाल्यास पुन्हा शस्त्रक्रिया ओढवू शकते. म्हणून ही भीती अनाठायी नाही.

परंतु २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या २,४९७ रुग्णांच्या अभ्यासात असे जंतू असणाऱ्यांत सांध्याचा संसर्ग ४.३ टक्के, तर इतरांत १.४ टक्के आढळला. मात्र सांध्यातील जंतू लघवीतील जंतूंहून निराळे निघाले आणि आधी औषध देऊनही लाभ दिसला नाही. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये मूत्रमार्गाव्यतिरिक्तच्या नियोजित शस्त्रक्रियांपूर्वी अशी तपासणी व औषधयोजना करू नये, असे सुचविले. लक्षणे असल्यास उपचार हवाच. शस्त्रक्रियेवेळची प्रतिबंधक मात्राही टाळू नये.

निष्कारण औषधाने जंतू निर्ढावतात आणि गरजेच्या वेळी तेच औषध निष्प्रभ ठरते. भारतात मार्च २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद औषधविक्रेत्यास बंधनकारक आहे, ती याचसाठी. औषध मागण्यापूर्वी ‘याची गरज आहे का?’ हे डॉक्टरांना विचारणे, हीच खरी आरोग्यसेवा होय.