पोपटाचं पिल्लू नको. कॅनरी आणायची तर आधी हे ऐका

मोहफुलांचे दिवस आले की आपल्या गावांमध्ये एक गोष्ट हमखास घडते. पहाटे जंगलात गेलेलं एखादं पोट्टं फुलांच्या टोपलीसोबत पोपटाचं पिल्लू घेऊन येतं. झाडाच्या ढोलीतून काढलेलं, अंगावर पुरती पिसंही न आलेलं. लगेच त्याचं नाव मिठू ठरतं आणि जुना पिंजरा माळ्यावरून खाली येतो.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. रानातला पोपट घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मैना, मुनिया यांनाही तेच लागू. आमच्या आजीनेही पाळला होता, असं सांगून सुटका होत नाही. दंड होतो, तुरुंगही होऊ शकतो. आणि ढोलीतून काढलेली किती पिल्लं जगतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंच आहे.

पण लेकराची हौस खोटी नसते. पक्षी हवाच असेल तर पिंजऱ्यातच जन्मलेला, पिढ्यान्‌पिढ्या माणसांजवळ राहिलेला घ्यावा. कॅनरी हा तसाच पक्षी. चिमणीएवढा, बहुतेक वेळा पिवळा, गाणारा. त्याचं मूळ घर अटलांटिक महासागरातली कॅनरी बेटं. तिथला रानटी पक्षी हिरवट-तपकिरी असतो, पिवळा रंग माणसांनी निवडून वाढवत आणला. नागपूरसारख्या शहरात पाळीव पक्ष्यांच्या दुकानात चौकशी केली तर मिळतो.

या पक्ष्याचं आणि कोळशाचं जुनं नातं आहे. आपण घुग्घुस, बल्लारपूर, माजरीकडच्या बाया, आपल्याला ते कळायला हवं. इंग्लंडच्या खाणींत मजूर कॅनरीचा छोटा पिंजरा सोबत नेत. हाल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात हा उपाय सुचवला. खाणीत कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. पक्ष्याचा श्वास माणसापेक्षा भराभर चालतो, त्यामुळे विष त्याला आधी लागतं. पक्षी डुलायला लागला की मजूर बाहेर पळत. काही पिंजऱ्यांवर प्राणवायूची नळकांडी असे, म्हणजे पक्ष्यालाही वाचवता यावं. तिथे ही पद्धत १९८६ पर्यंत चालली.

हाच वायू आपल्या शेगडीतून निघतो. म्हणून कॅनरीचा पिंजरा चुलीजवळ, शेगडीजवळ कधीच नको. आणि जिथे पक्षी ठेवायची हिंमत होत नाही, तिथे आपण रोज दोन-दोन तास लहान लेकरू मांडीवर घेऊन बसतो, हेही लक्षात घ्या. थंडीत दार-खिडकी लावून कोळशाची शेगडी खोलीत ठेवून झोपू नका. पक्षी असो वा नसो. शेगडी बाहेर विझवा, मगच झोपा.

आता पिंजरा. उंच, निमुळता, शोभेचा घेऊ नका. कॅनरी आडवी उडते, तिला लांबीला मोठा पिंजरा लागतो. बसायला कडुनिंबाच्या जाड-बारीक काड्या लावा, एकाच मापाची गुळगुळीत दांडी पायांना त्रास देते. तळाला वर्तमानपत्र, रोज बदलायचं. मांजर, उंदीर आणि साप पोचणार नाहीत अशी जागा. दोन नर एका पिंजऱ्यात नको, भांडतात.

खायला राळा, बाजरी, दुकानातलं कॅनरीचं बी, चिमूटभर जवस. धुतलेली पालक किंवा कोथिंबीर. पिंजऱ्यात समुद्रफेसाचा तुकडा अडकवून ठेवा, त्यातून चुना मिळतो. चहात बुडवलेलं बिस्किट, मीठ-तिखटाचं काहीही देऊ नका. ही सवय आपल्याकडे पोपटांमुळे लागली आहे.

माणसाळवण्याबद्दल सगळ्यांनाच घाई असते. घरी आणल्यावर पहिला आठवडा तिला एकटं सोडा. पिंजऱ्याची एक बाजू कापडाने झाका, म्हणजे तिला पाठीशी आडोसा वाटतो. दाणापाणी रोज एकाच माणसाने, एकाच वेळी द्यायचं, आणि देताना हळू आवाजात बोलायचं. काय बोलायचं ते तुमच्यावर, आमच्यातली एक जण बचत गटाचा हिशेब म्हणते. आठवड्यानंतर जाळीतून कोथिंबिरीची काडी धरा आणि हात हलवू नका. ती येईल, मागे जाईल, पुन्हा येईल. जाळीतून सहज खायला लागली की उघडा हात पिंजऱ्यात, तळव्यावर दाणे, पाच-दहा मिनिटं. चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल तर त्या दिवशी थांबायचं. याला दोन महिनेही लागतात. लेकरांना बजावून ठेवा की पकडायचं नाही. एकदा मुठीत धरलं की सगळी मेहनत पाण्यात. कॅनरी बोटावर बसेल, पण अंगावरून हात फिरवलेला तिला आवडत नाही, आणि आमच्या मते तसा हट्टही धरू नये.

गातो तो मुख्यतः नर. वर्षातून एकदा पिसं झडतात, तेव्हा तोही गप्प होतो. घाबरू नका, उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा द्या आणि वाट पाहा.

काही गटांनी विचारलं की जोड्या आणून पिल्लं विकायचा धंदा करावा का? गटाचं कर्ज काढून तरी करू नका. गिऱ्हाईक लांब शहरात, आणि आपल्याकडचा मे महिना ४५-४६ अंशांचा. एका दुपारी टिनाच्या छपराखाली सगळ्या जोड्या जातील. हौसेचा एक पक्षी सांभाळणं वेगळं. त्याला मातीच्या भिंतीची थंड खोली मिळते, पिंजऱ्याशेजारी ओलं गोणपाट टांगता येतं, आंघोळीला उथळ ताटलीत पाणी ठेवता येतं. ते पाणी तो नाचून-नाचून उडवतो.

त्याच कडक उन्हात आपला तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पहाटेच घर रिकामं होतं, दुपारी पुडे बांधायचे असतात. त्या दिवसांत दुपारचं पाणी कोण बदलणार, हे पक्षी आणायच्या आधी ठरवा. घरी राहणारी आजी हो म्हणाली, तर आणा.