पेटीतल्या कीटकांना बुरशी लागली तर

लोणच्याला बुरशी आली की जीव हळहळतो. आज मात्र आपण वेगळ्या बुरशीबद्दल बोलणार आहोत. शाळा-कॉलेजात काचेच्या पेटीत टाचणीला लावून ठेवलेली फुलपाखरं, भुंगे, पतंग तुम्ही पाहिलेच असतील. आपल्याकडे महाबळेश्वर-पाटणकडच्या पावसात आणि पूर ओसरल्यावर सांगलीच्या दमट खोल्यांत या पेट्यांवर पांढरी लव चढते. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर घराघरांतल्या भिंतींवर ती आपण पाहिलीच आहे.

मेलेले किडे कशाला जपायचे, असं कुणी म्हणेल. पण लष्करी अळीचंच बघा. 2018 साली ती भारतात पहिल्यांदा कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी आपल्या सांगलीच्या उसावरही आढळली. ती कधी आली, कुठल्या शिवारात आली, याचा पुरावा म्हणजे टाचणीला लावलेला पतंग आणि त्याखालची गाव-तारखेची चिठ्ठी. चिठ्ठी गेली की उरतो तो नुसता किडा.

म्हणून आम्ही पेटी हातात घेतली की आधी मोबाईलवर प्रत्येक चिठ्ठीचा फोटो काढतो. बुरशीची पेटी बाकीच्या पेट्यांपासून लांब ठेवतो. तोंडाला मास्क, हातात मोजे. दमा असलेल्या बाईने हे काम करूच नये.

ओली बुरशी पुसायला गेलं तर ती पसरते. म्हणून आधी कीटक कोरड्या खोलीत, सावलीत वाळू द्यायचे. उन्हात नाही, रंग उडतात. बुरशी सुकली की चित्रकलेच्या मऊ ब्रशने, अंगणात जाऊन, हलकेच झाडायची. मग भुंग्यासारख्या कडक अंगाच्या कीटकावरून मेडिकलमधल्या स्पिरिटमध्ये बुडवून निथळलेला ब्रश फिरवायचा. त्या वेळी जवळ शेगडी, उदबत्ती काही नको. चिठ्ठीला स्पिरिट लागू द्यायचं नाही, बॉलपेनची शाई फुटते. फुलपाखराच्या पंखांवरची भुकटी म्हणजे बारीक खवले असतात, ते निघाले की परत येत नाहीत. तिथे कोरडा ब्रशच बरा, आणि थोडा डाग राहिला तरी राहू द्यावा. ब्ल्यू मॉरमॉन हे 2015 पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे. त्याचा निळा रंग गमावण्यापेक्षा डाग परवडला.

डांबरगोळीने बुरशी जात नाही. ती कीड दूर ठेवायला. कीटकाखाली बारीक भुसा पडलेला दिसला तर ती कीड समजावी, लव दिसली तर बुरशी. दोन्हींचं औषध वेगळं.

बुरशीचं खरं मूळ दमटपणात आहे. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर राहिली की ती पुन्हा येणार. म्हणून पेटी भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका. नव्या पर्स-चपलांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, त्या पेटीच्या कोपऱ्यात ठेवा. पावसाळ्यात दर आठवड्याला झाकणाच्या काचेतून नजर टाका.

तुमच्या गावच्या शाळेत अशी पेटी कपाटावर पडली असेल, तर पालक सभेत जरूर विचारा. तुमच्या मुलीच्या हाताने लिहिलेली गाव-तारखेची चिठ्ठी पुढे कुणाला तरी लागणार आहे.